घुमणें आणि ऐकणें

घरांत येणाऱ्या नव्या वस्तूंचे दोन वर्ग करतां येतील. कांहीं वस्तू ज्याच्या त्याच्यापुरत्या असतात. चष्मा, घड्याळ, मोबाईल या त्यांतल्याच. कांहीं वस्तू मात्र एकाच्या हौसेनें घरांत येतात आणि त्यांचा परिणाम सर्वांस भोगावा लागतो. ध्वनि निर्माण करणारीं यंत्रें या दुसऱ्या वर्गांत मोडतात. बैठकींत एकानें कळ दाबली कीं माजघरांत जप करणाऱ्या आजीपासून माडीवर परीक्षेचा अभ्यास करणाऱ्या मुलापर्यंत सर्व मंडळी, इच्छा असो वा नसो, त्या श्रवणांत सामील होतात. म्हणून ‘होम थिएटर’ या नांवानें जें यंत्रसाहित्य हल्लीं मध्यमवर्गीय घरांत येऊं लागलें आहे, तें कसें निवडावें व आणल्यावर कसें मांडावें, याचा विचार एकट्या शौकिनावर न सोडतां सर्व घरानें करणें इष्ट आहे, असें आमचें मत झालें आहे. गेल्या वर्षांत पेण येथें आमच्या भाचीकडे व रोह्यास आमच्या चुलत बंधूंकडे असें साहित्य मांडून देण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या दोन घरांच्या अनुभवावरून चार गोष्टी येथें सांगावयाच्या आहेत.

हीं दोन्ही घरें एकाच गोतांतलीं असलीं तरी त्यांच्या भिंतींत दोन पिढ्यांचें अंतर आहे. पेणचें घर नव्या इमारतींत, तिसऱ्या मजल्यावर. भिंती व छत सिमेंटचें, जमिनीवर गुळगुळीत फरशी, खिडक्यांना मोठमोठ्या कांचा आणि बैठकींत सामान अगदीं बेताचें. वर, खालीं व शेजारीं बिऱ्हाडें. खालच्या बिऱ्हाडांत तर सहा महिन्यांचें मूल. रोह्याचें घर जुनें, कौलारू. पुढें ओटी, मग माजघर, मागें पडवी. वर फळ्यांचा माळा. भिंती जाड, पण एका खोलींतून दुसरींत जाण्याच्या वाटा बहुतेक उघड्या. त्या घरांत लहानमोठीं मिळून ९ माणसें आहेत, आणि त्यांत सर्वांत वडील म्हणजे आमच्या काकू. त्यांचें वय ८१.

काकूंचा उल्लेख आम्ही मुद्दाम करीत आहों. रोज रात्रीं जेवणें आटोपलीं कीं रोह्याची मंडळी माजघरांत दूरचित्रवाणीपुढें बसतात. काकूही आपल्या खुर्चींत असत. परंतु वर्षभरापासून त्या मध्येंच उठून आंत जाऊं लागल्या. विचारलें तर ‘झोंप येते’ म्हणत, आणि वयोमान पाहतां घरानेंही तें खरें मानलें. आम्ही तेथें चार दिवस राहिलों तेव्हां ध्यानांत आलें कीं, आंत गेल्यावर काकू निजत नाहींत. दिवा न लावतां पलंगावर बसून राहतात. एका दुपारीं त्या म्हणाल्या, “अरे, आवाज ऐकूं येतो रे सगळा. माणसें काय बोलतात तेवढेंच कळत नाहीं. आणि दर वेळीं ‘काय म्हणाली, काय म्हणाली’ म्हणून मुलांना किती विचारायचें?” कानाच्या डॉक्टरांनीं त्यांस पूर्वींच तपासलें होतें, वयामुळें उंच स्वर कमी ऐकूं येतात, असा त्यांचा अभिप्राय होता. इकडे त्याच सुमारास आमच्या पुतण्याच्या मनानें मोठा सबवूफर घेण्याचें घेतलें होतें. नव्या साहित्यासाठीं घरानें रक्कम बाजूस काढली होती, पण ती मोजकी. ती कोणत्या अंगावर अधिक खर्च करावी, हा प्रश्न दिसावयास यंत्रांचा होता. वास्तविक तो काकूंनीं रात्रीं कोठें बसावें याचा होता.

यंत्राची ओळख प्रथम करून घेऊं. ‘रिसीव्हर’ हें नांव रेडिओच्या काळापासून चालत आलें आहे. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र सुरू झालें, त्या काळीं हवेंतील लहरी ग्रहण करणारी पेटी एवढाच त्याचा अर्थ होता. आजचा रिसीव्हर तीन कामें करतो. दूरचित्रवाणी, सेट-टॉप बॉक्स, तबकडीचें यंत्र इत्यादि ठिकाणांहून येणारा ध्वनीचा संकेत तो घेतो. त्या संकेतांत गुंडाळलेले निरनिराळे प्रवाह तो उलगडतो. आणि प्रत्येक प्रवाहास बळ देऊन ज्याच्या त्याच्या स्पीकरकडे धाडतो. दुकानांत ‘५.१’ असा जो आंकडा ऐकूं येतो, त्यांतील ५ म्हणजे समोरचा डावा, समोरचा उजवा, मधला, आणि बाजूचे किंवा मागचे दोन. आणि पुढील १ म्हणजे केवळ खर्जाच्या नादासाठीं राखून ठेवलेली वाट. ती वाट ज्या पेटींतून ऐकूं येते ती सबवूफर.

१४ मार्च १९३१ रोजीं मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमांत ‘आलम आरा’ लागला आणि हिंदी चित्रपट बोलूं लागला. १९३२ सालीं प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ आला आणि मराठी चित्रपटास वाचा फुटली. त्या चित्रपटांत शब्द, गाणें व वाद्यें हीं सर्व एकाच वाटेनें येत. पुढें वाटा वाढल्या, त्यांत रे डॉल्बी या अमेरिकन शास्त्रज्ञाच्या नांवाचा मोठा वांटा आहे. हे गृहस्थ १९६३ ते १९६५ या काळांत संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ म्हणून भारतांत होते, आणि १९६५ सालींच त्यांनीं लंडन येथें आपली प्रयोगशाळा काढली. त्यांची पहिली कीर्ति झाली ती ध्वनिफितींतील खरखर कमी करण्याच्या युक्तीमुळें. आमच्या महाराष्ट्रांत मात्र ‘डॉल्बी’ म्हटलें म्हणजे मिरवणुकींत गाडीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत, असा अर्थ रूढ होऊन बसला आहे. नको असलेला आवाज घालविण्यासाठीं ज्यानें बुद्धि खर्चिली, त्याचें नांव आम्हीं छाती दडपून टाकणाऱ्या आवाजास दिलें! पेणसारख्या गणपतीच्या मूर्ति घडविणाऱ्या गांवीं या विपर्यासाची आठवण होणें स्वाभाविक आहे. परंतु हा दोष एकट्या मिरवणुकीचा नव्हे. घरांत यंत्र घेतांनाही आपण ‘किती घुमतें’ हेंच पहिल्यानें पाहतों.

घुमणें आणि ऐकणें या दोन भिन्न गोष्टी कशा, तें पाहूं. माणसाच्या कानास सेकंदाला सुमारें २० पासून २०,००० पर्यंत कंपनें कळतात. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १०० ते १५० कंपनांचा, स्त्रियांचा त्याहून वरचा. परंतु शब्द ओळखूं येतो तो केवळ या मूळ स्वरानें नव्हे. स, श, त, क, च यांसारख्या व्यंजनांची खूण पटते ती २,००० कंपनांच्या पुढच्या बारीक आवाजांवरून; आणि वार्धक्यांत कान प्रथम गमावतो ते नेमके हेच आवाज. म्हणून वृद्धांस स्वर ऐकूं येतात, व्यंजनें गळतात. ‘कळलें’ आणि ‘टळलें’ यांत फरक राहत नाहीं. त्यांत भर अशी कीं, मोठा खर्जाचा नाद आपल्याहून वरचे आवाज झांकून टाकतो. अशा वेळीं आवाज मोठा केला तर खर्जही मोठा होतो आणि शब्द होता तेथेंच बुडालेला राहतो. आमच्या भाचीनें हें एका वाक्यांत सांगितलें: “मामा, आवाज वाढवून शब्द वाढत नाहीं हो.”

यावर उपाय पांच वाटांच्या या पद्धतींतच आहे. चित्रपटांतील व मालिकांतील बहुतेक संवाद मधल्या वाटेनें येतात. म्हणजे मधला स्पीकर हाच घराचा कथेकरी. बाकीचे टाळ-मृदंगाचे साथीदार. कीर्तनांत बुवांचा शब्द बुडूं लागला तर मृदंगवाला हात आंखडता घेतो. तोच विवेक येथें आपणांस करावयाचा असतो. रोह्याच्या घरीं आम्हीं असें ठरविलें कीं, रकमेचा मोठा भाग रिसीव्हर व समोरचे तीन स्पीकर यांवर घालावा, त्यांतही मधला स्पीकर उत्तम असावा. मागचे दोन स्पीकर पुढील वर्षावर टाकावे. आणि सबवूफर घ्यावा, पण १० इंचांचा, बंद पेटीचा. पुतण्याचा कल भोंक असलेल्या मोठ्या पेटीकडे होता. तशी पेटी त्याच खर्चांत अधिक जोर देते हें खरें. पण ती जागा फार अडविते, आणि मध्यम आकाराच्या खोलींत बंद पेटीचा नाद बहुधा अधिक आवरलेला असतो. पुतण्या दोन दिवस आमच्याशीं तुटक बोलत होता, हेंही येथें नमूद करतों.

निवडीच्या प्रसंगीं दुसरा मोह पडतो तो वॅटांच्या आंकड्यांचा. एका दुकानांत ‘हजार वॅट’ असें ठळक लिहिलेली पेटी आम्हांस दाखविण्यांत आली. आम्हीं विचारलें कीं, हे हजार वॅट सर्व वाटांचे मिळून कीं एका वाटेचे, किती ओहमांच्या स्पीकरवर, आणि आवाज किती फाटूं दिल्यावर मोजले? विक्रेता हंसून म्हणाला, “काका, गिऱ्हाईक एवढें विचारत नाहीं.” परंतु विचारावयाचें तें हेंच. शक्ति दुप्पट केली तर ध्वनि केवळ ३ डेसिबलनें वाढतो. कानास आवाज दुप्पट वाटावा तर शक्ति सुमारें दसपट लागते. म्हणून ५० वॅटांच्या जागीं १०० वॅट घेतल्यानें आकाश-पाताळाचें अंतर पडत नाहीं. उलट, एका वॅटवर एक मीटर अंतरावर ८७ डेसिबल आवाज देणारा स्पीकर सोडून ९० डेसिबल देणारा घेतला, तर तेवढाच लाभ फुकट पदरांत पडतो. घरगुती खोलींत सामान्य बोलणें ऐकावयास एक-दोन वॅट पुरतात. बाकीचें बळ हें एकाएकीं येणाऱ्या मोठ्या आवाजासाठीं गांठीस असावें इतकेंच. स्पीकरचे ओहम रिसीव्हरच्या पाठीवर लिहिलेल्या मर्यादेंत बसतात ना, हें मात्र अवश्य पाहावें. ८ ओहमांचे स्पीकर बहुतेक यंत्रांस निर्धास्तपणें चालतात.

सबवूफरची परीक्षा कशानें करावी? दुकानांत ती नेहमीं स्फोट, विमानें आणि राक्षसांच्या पावलांनीं करून दाखवितात. स्फोट खरा कसा वाजतो हें आपल्यापैकीं कोणासच ठाऊक नसतें, त्यामुळें यंत्र कितीही खोटें बोललें तरी पकडलें जात नाहीं. आम्ही बरोबर तंबोऱ्याचें व पखवाजाचें ध्वनिमुद्रण घेऊन गेलों. काळी एक या सुरांत लावलेल्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर सुमारें ६९ कंपनांचा असतो. आणि पखवाजाच्या डाव्या अंगास कणीक लावतात ती तो भरदार उतरता नाद येण्यासाठींच. हे आवाज आपल्या कानांच्या ओळखीचे आहेत. तंबोऱ्याची तार छेडल्यावर खर्ज उमलून हळूहळू विरतो कीं एकाच सुरावर ‘हूं’ करून राहतो, पखवाजाची थाप पडल्यावर थांबते कीं मागें घुमत राहते, हें घरांतील कोणीही सांगूं शकतो. सबवूफर ही केवळ मारामारीच्या चित्रपटांची सोय आहे असा समज असणाऱ्या ज्येष्ठांनीं हा प्रयोग अवश्य ऐकावा. चांगला सबवूफर वेगळा ऐकूंच येत नाहीं. गवयाच्या मागें तंबोरा बसला आहे एवढेंच जाणवतें.

आतां मांडणी. रोह्याच्या माजघराची लांबी १४ फूट. पहिल्या रात्रीं सबवूफर समोरच्या भिंतीशीं, दूरचित्रवाणीच्या शेजारीं ठेवला. मुलें नेहमींप्रमाणें खोलीच्या मध्यभागीं सतरंजीवर आणि काकू मागच्या भिंतीला टेकलेल्या खुर्चींत. चित्रपट सुरू होतांच पुतण्या म्हणाला, “काका, कांहींच घुमत नाहीं, वाढवा.” आणि काकूंनीं कानांवर हात ठेवले, “अरे, बंद करा तो ढोल!” घरांत वादास सुरुवात झाली. तरुणांस किती दिलें तरी पुरत नाहीं, असें एका पक्षाचें म्हणणें. म्हाताऱ्या माणसांस कांहींच सोसत नाहीं, असें दुसऱ्याचें. वास्तविक दोघेंही अक्षरशः खरें बोलत होतीं. हवेंत ध्वनि सेकंदाला सुमारें ३४३ मीटर चालतो, म्हणून ४० कंपनांच्या नादाची लाट सुमारें २८ फूट लांब असते. १४ फुटांच्या खोलींत अशी बरोबर अर्धी लाट बसते. ती दोन टोकांच्या भिंतींमध्यें अडकते. भिंतींशीं तिचा दाब सर्वांत अधिक, आणि मध्यभागीं जवळ जवळ शून्य. म्हणजे जो नाद काकूंच्या खुर्चींत सर्वांत मोठा होता, तोच पुतण्याच्या सतरंजीवर नाहींसा झाला होता. एकाच खोलींत, एकाच वेळीं, दोन पिढ्या दोन निरनिराळीं यंत्रें ऐकत होत्या! संयुक्त कुटुंबांतील किती वाद असे केवळ बसण्याच्या जागेमुळें होत असतील, असा विचार तेव्हां आमच्या मनांत आल्यावांचून राहिला नाहीं.

या रोगावर आवाज कमी-अधिक करणें हा उपाय नव्हे. जागा बदलणें हा उपाय. त्याची एक जुनी, गमतीची रीत आहे. सबवूफर उचलून ऐकणाराच्या आसनावर ठेवावयाचा, खर्जाचें संथ संगीत लावावयाचें, आणि आपण जमिनीलगत कान नेऊन भिंतीकडेनें रांगत फिरावयाचें. ज्या ठिकाणीं नाद सर्वांत सारखा व मोकळा ऐकूं येईल, तेथें सबवूफर ठेवावा; कारण येथून तेथें जें ऐकूं येतें तेंच तेथून येथें ऐकूं येतें, असा ध्वनीचा धर्म आहे. काकूंच्या खुर्चींत सबवूफर विराजमान झाला, आणि पुतण्या चार पायांवर माजघराची प्रदक्षिणा करूं लागला. धाकटीं मुलें त्याच्या मागोमाग रांगत होतीं. समोरचे दोन्ही कोपरे नापास झाले, कारण कोपऱ्यांत खोलीचे सारेच नाद एकदम चेतविले जातात. शेवटीं डाव्या लांब भिंतीच्या मध्याजवळची जागा ठरली. अडकलेली ती अर्धी लाट तेथून फारशी चेतविली जात नाहीं. शिवाय काकूंची खुर्ची भिंतीपासून तीन फूट पुढें घेतली. तेवढ्यानें एकाचा दुष्काळ आणि दुसऱ्याचा महापूर दोन्ही पुष्कळ ओसरले.

पुढें रिसीव्हरची आंतली जुळवणी. समोरच्या लहान स्पीकरांची नोंद ‘लहान’ अशीच करावी आणि ८० कंपनांखालचा नाद सबवूफरकडे वळवावा. त्याखालील आवाज कोणत्या दिशेनें येतो हें कानास नीट कळत नाहीं, म्हणून सबवूफर बाजूस असला तरी बिघडत नाहीं. हल्लींच्या यंत्रांबरोबर एक लहानसा मायक्रोफोन येतो. डेनॉनच्या पुष्कळ यंत्रांत ऑडिसी नांवाची, तर यामाहाच्या यंत्रांत वायपाओ नांवाची मोजणीची सोय असते. मायक्रोफोन बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवावा, पंखे बंद करावे, आणि सर्वांनीं गप्प राहावें. यांतील शेवटची अट नऊ माणसांच्या घरांत सर्वांत कठीण. कोंकणांत आणखी एक अडचण पावसाची. कौलांवर व पडवीच्या पत्र्यावर आषाढाची सर कोसळत असतां केलेली मोजणी म्हणजे पावसाचीच मोजणी. आम्हीं उघाड पाहून, रात्रीं सर्व निजल्यावर ती उरकली. त्यानंतर हातानें दोनच फेरफार केले. मधल्या स्पीकरचा आवाज ३ डेसिबलनें वाढविला, आणि सबवूफरचा २ डेसिबलनें उतरविला. मधला स्पीकर फडताळाच्या खणांत आंत ढकललेला होता, तो पुढच्या कडेपर्यंत आणून काकूंच्या चेहऱ्याच्या रोखानें किंचित् वर कलता केला. यास पैसा एक लागला नाहीं, आणि लाभ मात्र सर्वांत अधिक झाला.

जुन्या घरास स्वतःचा आवाज असतो. विशिष्ट नाद आला कीं मांडणीवरचीं पितळी भांडीं झिणझिणत, माळ्याची एक फळी गुणगुणे, आणि देवघराच्या दाराची कडी थरथरे. प्रत्येक वस्तूस आपला एक लाडका स्वर असतो आणि तो ऐकूं आला कीं ती उत्तर देते. फळीस दोन खिळे मारले, भांड्यांखालीं जाड कापड घातलें, कडीस चामड्याचा तुकडा लावला. ही शोधाशोध घरांतील स्त्रियांनींच केली. कोणतें भांडें वाजतें हें त्यांस न पाहतां सांगतां येत होतें.

पेणच्या घरीं दुखणें वेगळें होतें. तेथें खोलीच्या मध्यें उभें राहून टाळी वाजविली कीं भिंतीभिंतींतून ती फडफडत परत येई. शब्दाच्या पाठीवर शब्दाचाच पडसाद पडला तर तरुण कानासही तो समजत नाहीं. तेथें नवें यंत्र घेण्यापूर्वीं आम्हीं भाचीस जाड सतरंजी, खिडक्यांस घडीदार पडदे आणि मागच्या भिंतीस पुस्तकांचें कपाट, इतकें करावयास सांगितलें. पुस्तकांचा हा उपयोग ऐकून तिचे यजमान म्हणाले, “चला, न वाचलेलीं पुस्तकेंही कामीं आलीं!” परंतु या उपायांनीं बारीक आवाजांचा पडसाद जातो, खर्ज सतरंजीस जुमानत नाहीं. तो स्लॅबमधून खालच्या बिऱ्हाडांत उतरतो. सबवूफरखालीं रबराची जाड बैठक घातल्यानें जमिनीची थरथर कमी होते, हवेंतून जाणारा नाद तरीही जातोच. म्हणून भाचीनें एका संध्याकाळीं यंत्र चालू ठेवून, खालीं जाऊन, त्या बाळाच्या पाळण्यापाशीं उभें राहून स्वतः ऐकलें, आणि तेथें घुमारा येणार नाहीं इतक्यावर सबवूफरच्या आंकड्याची मर्यादा ठरवून टाकली. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांप्रमाणें वस्तीच्या भागांत दिवसा ५५ आणि रात्रीं १० ते सकाळीं ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. परंतु शेजारधर्माची मर्यादा पाळण्याच्या उशापाशीं उभें राहूनच कळते. पुष्कळ रिसीव्हरांत रात्रीसाठीं म्हणून एक योजना असते. ती मोठे आवाज दाबते व हळू आवाज उचलते. फ्लॅटमध्यें राहणारांनीं ती कळ शोधून ठेवावी. तसेंच, ओठ आधीं हलून शब्द मागाहून येत असेल, किंवा उलट होत असेल, तर रिसीव्हरमधील विलंबाचा आंकडा बदलून तो मेळ बसवितां येतो.

आमच्या मुलखाच्या हवेविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पेणला खाडीचा शेजार, रोह्यास कुंडलिकेचा, आणि पावसाळ्यांत हवा महिनोन्महिने ओली. अशा हवेंत स्पीकरच्या कडेस फोमऐवजीं रबर असलेलें बरें. फोम लवकर कुजून तुकडे पडतात. रिसीव्हर तापतो, म्हणून तो बंद कपाटांत कोंडूं नये. वर निदान वीतभर मोकळी जागा ठेवावी, आणि त्याच्या जाळीवर विणलेला रुमाल घालण्याचा मोह आवरावा. स्पीकरांतून सतत बारीक ‘हूं’ असा आवाज येत असेल तर तो बहुधा विजेच्या ५० कंपनांचा असतो. सर्व यंत्रें एकाच बोर्डावर, चांगल्या अर्थिंगवर जोडलीं म्हणजे पुष्कळदां तो जातो. तो घालविण्यासाठीं प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळींच ऐकूं नये. त्यांत जिवास धोका आहे. वळवाच्या दिवसांत गडगडाट सुरू झाला कीं विजेचा प्लग व छपरावरून येणारी डिशची तार, दोन्ही काढून ठेवावीं.

रोह्यास मांडणी पुरी झाल्यावर तिसऱ्या रात्रीं नेहमींची मालिका लागली. काकू आपल्या पुढें आणलेल्या खुर्चींत होत्या. कोणी त्यांच्याकडे पाहत नाहीं असें दाखवीत सर्वजण त्यांच्याकडेच पाहत होते. अर्धा तास त्या उठल्या नाहींत. मालिका संपल्यावर पुतण्यानें विचारलें, “आजी, कळलें का आतां?” काकू म्हणाल्या, “कळलें रे सगळें. पण फारसें कांहीं बोलत नाहींत हो तीं!” सर्वांबरोबर काकूही हंसल्या. सर्व कांहीं साधलें असें आम्ही म्हणत नाहीं. भराभर बोलणारीं पात्रें आलीं, किंवा संवादावर मोठें संगीत मूळ चित्रपटांतच ओतलेलें असलें, कीं काकू अजूनही अडतात. तेव्हां पडद्याखालच्या अक्षरांचा आधार घ्यावा लागतो. पण त्या उठून जात नाहींत, आणि ‘काय म्हणाली’ असें क्वचित् विचारतात तेव्हां मुलें सांगतात. पुतण्यानेंही एका रविवारीं दुपारीं, घर रिकामें असतां, सबवूफर आपल्या मनाजोगता वाजवून घेतला असें ऐकतों. त्यास आमची हरकत नाहीं.

रोह्याचें ग्रामदैवत धाविर महाराज. त्यांच्या पालखीपुढें वाजणारा ढोल आम्हांसही प्रिय आहे. पण तो आकाशाखालीं वाजतो. त्याच्या लाटेस अडकावयास भिंती नसतात, आणि ज्यास नको असेल त्यास दोन पावलें मागें सरतां येतें. घरांत मागें सरण्यास जागा नसते. जो सरतो तो एकदम अंधाऱ्या खोलींतच जाऊन बसतो, आणि आपण समजतों कीं त्यास झोंप आली. म्हणून हें साहित्य घेऊं इच्छिणाऱ्या कुटुंबांस आमची एवढीच सूचना आहे. यंत्र लावल्यावर सर्वांत शौकीन माणसास खोलीच्या मध्यभागीं बसवून ‘कसें काय’ असें विचारूं नये. घरांत ज्यास सर्वांत कमी ऐकूं येतें त्यास त्याच्या नेहमींच्या जागीं बसवावें, आणि नुकतें झालेलें वाक्य सांगावयास लावावें. तें त्यास सांगतां आलें, तर निवड व मांडणी दोन्ही साधलीं; मग त्यावर खर्ज किती चढवावा हें ज्याच्या त्याच्या हौसेनें आणि शेजाऱ्यांच्या संमतीनें ठरवावें.